बारावीनंतरही बायोलॉजी!

"मुलीनं अकरावीत बायोलॉजी सोडून गणित घेतलं. आता म्हणते, डॉक्टर व्हायचंय. संपलंच ना सगळं?" निकाल लागले की आमच्या मंडळात हा प्रश्न घेऊन एखादी आई येतेच. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात, त्यामुळे इथल्या पोरींना ते स्वप्न रोज दिसतं!

पूर्वी उत्तर 'हो' असंच होतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी अकरावी-बारावीत दोन वर्षं नियमित शिकलेलं हवं, असा मेडिकल कौन्सिलचा दंडक होता. मागाहून बायोलॉजीची परीक्षा दिली तर ती धरत नसत. प्रकरणं कोर्टात गेली. अखेर २२ नोव्हेंबर २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सूचना काढली: मान्यताप्राप्त बोर्डातून बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी पास झालेल्यांनाही 'नीट' देता येईल.

मात्र मैत्रिणींनो, नीटचे मार्क मिळवावेच लागतात. बोर्डाच्या विभागीय कार्यालयात 'तुरळक विषय' म्हणून कसं बसता येईल, प्रॅक्टिकल कुठे होईल, हे आधी विचारा. दोन्ही मार्कलिस्ट जपून ठेवा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कुणी "चालणार नाही" म्हणालं तर भांडू नका. आयोगाच्या सूचनेची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकाराचं कारणही लेखी मागा.

मुलाचं वर्ष गेलं तर आपण 'तयारी करतोय' म्हणतो. मुलीच्या वेळी मात्र लगेच स्थळं बघायला लागतो. नियम बदलला, आता आपणही बदलूया ना?