थंडीतली चेतक

मुलांनो, १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर निघाली. तिचा कारखाना पिंपरीजवळच, आकुर्डीला होता. तुमच्या घरी जुनी चेतक असेल, तर हिवाळ्यात तिला किती किका माराव्या लागतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. कोणी तर तिला एका अंगावर कलंडवतात! इकडे पहिल्या पाळीची वेळ टळत असते.

पेट्रोलची वाफ होऊन ती हवेत मिसळली, तरच ते नीट पेटते. थंड इंजिनात वाफ कमी होते. म्हणून चोक ओढून पेट्रोलचे प्रमाण वाढवतात. पण चोक ओढून किका मारतच राहिलात, तर प्लग भिजतो आणि ठिणगी पडत नाही. पेट्रोलचा वास आला, की थांबा. चोक बंद करा, प्लग काढून कोरडा पुसा. त्यावर काजळीही सापडेल, कारण या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळते. ती घासून काढा, प्लग बसवा आणि आता चोक न ओढता किक मारा. जवळपास काडी मात्र कोणी पेटवू नये.