चाळिशीत पॅरा बटालियनची तयारी

प्रादेशिक सेनेत वयाच्या ४२व्या वर्षापर्यंत भरती होता येते. देवळालीला तिची पॅरा बटालियनही आहे. वय निघून चालले म्हणून काही बांधव घाईने धावू लागतात आणि महिनाभरात नडगी धरून बसतात. असे का होते? दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि कंडरा बळकट व्हायला महिने लागतात. नुसत्या दमावर अंतर वाढवले तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो.

आधी रक्तदाब, साखर, ईसीजी तपासून घ्या. सुरुवातीला एक दिवसाआड थोडे चाला, थोडे धावा. पाठीवरचे ओझे सर्वांत शेवटी. जेवणात डाळ, अंडी, नाचणी असू द्या. झोप पुरेशी घ्या. नडगीवर एकाच जागी बोट दाबताच कळ आली, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. घाईत पाय मोडला, तर हातची भरतीही जाते.