बिऱ्हाडातले प्रदर्शन

चित्र चित्रकार काढतो, मूर्ती शिल्पकार घडवितो. मग प्रदर्शन कोण घडवितो? हा प्रश्न ज्यांच्यामुळे ऐरणीवर आला, ते गृहस्थ म्हणजे स्वित्झर्लंडचे हराल्ड सेमान.

१९६१ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते बर्नच्या कुन्स्टहाले या कलादालनाचे संचालक झाले. १९६८ साली क्रिस्टो यांनी ती अख्खी इमारतच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली! पुढल्या वर्षी तर कहर झाला. रिचर्ड सेरा यांनी वितळलेले शिसे भिंतीच्या कडेला फेकले, लॉरेन्स वीनर यांनी भिंतीचा गिलावा चौकोनी खरवडून काढला, मायकेल हायझर यांनी दारापुढची फरसबंदी फोडली. ह्याच त्यांच्या कलाकृती! गावात गहजब उडाला. पुढच्या प्रदर्शनांच्या निवडीत समिती आडवी येऊ लागली, तेव्हा सेमान यांनी नोकरीवर पाणी सोडले.

त्या काळी इटलीसारख्या देशांतून आलेल्या मजुरांना तिथे ‘पाहुणे कामगार’ म्हणत. सेमान यांनी तोच शब्द उचलून ‘बौद्धिक पाहुण्या कामगारां’ची संस्था काढली. संस्था म्हणजे तरी काय? ते स्वतः, एकटेच! ना इमारत, ना संग्रह, ना महिन्याचा पगार. बोलावणे येईल तिथे जायचे आणि प्रदर्शन उभे करायचे.

१९७२ साली जर्मनीतील कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या शंभर दिवसांच्या महाप्रदर्शनाची धुरा त्यांच्याकडे आली. तिथे नवाच वाद पेटला. दानिएल ब्यूरेन या कलावंताने प्रदर्शनाच्या सूचीतच आक्षेप नोंदविला: आता कलाकृती नव्हे, प्रदर्शनच कलाकृती होऊन बसले आहे! आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मांडणारा शिरजोर झाला, की मांडलेल्याचा आवाज दबतोच.

१९७४ साली सेमान यांनी बर्नमधल्या एका बिऱ्हाडात आपल्या दिवंगत आजोबांचे प्रदर्शन भरविले. आजोबा केशभूषाकार. केस कुरळे करण्याचे यंत्र, फोटो, कागदपत्रे, घरातले सामान, सारे नीट मांडले. त्यात एकही नामवंत कलावंत नव्हता. तरी वस्तूंच्या शेजारामुळेच एक माणूस उभा राहिला. प्रदर्शन घडविणाऱ्याचे खरे काम ते हेच.

पुढे १९८१ पासून झुरिकच्या कुन्स्टहाउसने त्यांना ‘कायमचे स्वतंत्र सहकारी’ हे पद दिले. कायमचे, तरीही स्वतंत्र! २००५ साली ते वारले. आज जगभर स्वतंत्र प्रदर्शनकार काम करतात. हक्काचे दालन नसले, तरी निवड आपली असावी, हा त्यांचा आग्रह. आणि ती निवड कलावंतावर कुरघोडी करणार नाही ना, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न.