मान कुणाचा? ग्रामदेवतेची पालखी आणि अथेनाची मिरवणूक
(बुरोंडी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, बुरोंडीत बसून ग्रीक देवीची गोष्ट कशाला, असं कुणालाही वाटेल. पण शिमग्याची पालखी ज्यांनी खांद्यावर घेतली आहे, त्यांना ही गोष्ट पुस्तकी विद्वानांपेक्षा लवकर कळते, असा आमचा अनुभव आहे.

आधी अथेन्सकडे पाहू. अथेना ही त्या नगराची रक्षक देवता, आपल्या शब्दांत ग्रामदेवताच म्हणा ना. तिचा मुख्य उत्सव म्हणजे पॅनअथेनाया. तो दरवर्षी भर उन्हाळ्यात होई आणि दर चौथ्या वर्षी मोठ्या थाटाने. परंपरेप्रमाणे या मोठ्या उत्सवाची सुरुवात इ.स.पू. 566 ची. देवीची जुनी मूर्ती ऑलिव्हच्या लाकडाची होती. तिच्यासाठी नवं वस्त्र विणलं जाई, त्याला ते 'पेप्लॉस' म्हणत. त्याचा माग उत्सवाच्या नऊ महिने आधी लागे. मग उत्सवाच्या दिवशी नगराच्या वेशीपासून बाजारपेठेतून टेकडीवरच्या देवळापर्यंत मिरवणूक निघे.

आता या मिरवणुकीत कोण काय धरतं, ते बघा. प्रतिष्ठित घराण्यांतल्या कुमारिका पूजासाहित्याच्या टोपल्या घेऊन पुढे चालत. बाहेरून येऊन स्थायिक झालेले, ज्यांना नागरिकत्व नव्हतं असे लोक तबकं वाहत. म्हणजे त्यांनाही जागा होती, पण ठरवून दिलेली. बळीच्या मांसाच्या वाटपाचा इ.स.पू. चौथ्या शतकातला एक शिलालेख आहे. त्यात एका बळीचे वाटे अधिकाऱ्यांना पदाप्रमाणे द्यायचे आहेत. दुसऱ्या, मोठ्या बळीचे मात्र ज्या वस्तीतून मिरवणुकीला जितकी माणसं आली, तितके. एकाच उत्सवात पायरीही आहे आणि समान वाटाही आहे.

आपल्याकडे वेगळं काय आहे? फाल्गुन शुद्ध पंचमीपासून शिमगा सुरू होतो. कुठे तेरसे शिमगे, कुठे पौर्णिमेचा होम. देवीची रूपं पालखीत लागतात, पालखी सहाणेवर बसते, नाचते, मग घरोघर निघते. अंगण सारवलेलं असतं, रांगोळी असते, घरची बाई ओटी भरते. आणि मानही ठरलेले असतात: रूपं कुणी लावायची, पहिला खांदा कुणाचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं, होमाला पहिला हात कुणाचा.

एक फरक मात्र मोठा आहे. अथेन्समध्ये माणसं चालत देवीकडे जातात. कोकणात देवी चालत माणसांकडे येते. म्हणूनच पालखी ज्या दारात थांबत नाही, त्या घराला तो नुसता राहून गेलेला कार्यक्रम वाटत नाही. 'आम्ही या गावचे नाही' असं गावानेच सांगितल्यासारखं वाटतं.

मानाचा अपमान किती दूरवर जातो, ते थुसिडिडीस या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. अथेन्समध्ये तेव्हा हिप्पियास हा हुकूमशहा होता. त्याचा भाऊ हिप्पार्कस याने वैयक्तिक रागातून हार्मोडियस नावाच्या तरुणाच्या बहिणीला आधी एका मिरवणुकीत टोपली धरायला बोलावलं, आणि मग 'तू या मानाला लायक नाहीस' म्हणून परत पाठवलं. इ.स.पू. 514 च्या पॅनअथेनायाच्या दिवशीच हार्मोडियस आणि त्याचा साथीदार अरिस्टोगायटन यांनी हिप्पार्कसचा खून केला. दोघेही प्राणाला मुकले. हिप्पियासची राजवट त्यानंतर आणखी कडक झाली, ती थेट 510 मध्ये संपली. पुढे अथेन्सने या दोघांचे पुतळे उभारले, त्यांना स्वातंत्र्यवीर ठरवलं. थुसिडिडीस मात्र बजावतो की मूळ कारण खासगी होतं. आम्ही म्हणू, खासगी होतंच, पण तो अपमान देवीच्या टोपलीवरून झाला, म्हणून तो इतका झोंबला.

हे ऐकताना कोकणातले मानपानाचे वाद आठवले असतील. काही गावांत पालखी कुलपात राहिली आहे, प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली आहे, कोर्टात तारखा पडल्या आहेत. बाहेरचा माणूस हसतो आणि म्हणतो, एका खांद्यासाठी एवढं? पण भांडण खांद्याचं नसतंच. 'गाव' या शब्दात कोण कोण मोडतं, याचं ते भांडण असतं.

मग मान काढूनच टाकायचे का? आम्हाला तसं वाटत नाही. काम वाटून दिल्याशिवाय उत्सव उभा राहत नाही. पण मान या शब्दाचे दोन अर्थ आपण नीट वेगळे करायला हवेत. एक म्हणजे जबाबदारी: अमुक घराने अमुक काम न चुकता करायचं. दुसरा म्हणजे मालकी: हे काम आमचंच, तुम्ही हात लावायचा नाही. पहिल्या अर्थाने गाव बांधलं जातं, दुसऱ्याने तुटतं. आज निम्मी घरं बंद असतात, चाकरमानी चार दिवसांसाठी येतात. अशा वेळी खांदा द्यायला माणूस मिळणं हीच खरी अडचण असताना मालकी कसली सांगायची?

अथेन्सच्या त्या शिलालेखातून एवढं घ्यावं. पदाचे वाटे असू देत, पण येईल त्याचा वाटाही ठरलेला असावा. आणि ही बोलणी पंचमीच्या आधी, सगळ्या वाड्या एकत्र बसून व्हावीत. पालखी उठल्यावर ती होत नाहीत, तेव्हा फक्त आवाज चढतात.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.