आजोबांची सही लहान का झाली?



भाईंदरच्या आमच्या शाळेत पाचवीच्या डायऱ्या रोज माझ्या टेबलावर येतात. एका मुलीच्या डायरीवर तिचे आजोबा सही करायचे. आई-बाबा दोघंही सकाळच्या लोकलने जाणारे, त्यामुळे डबा, गृहपाठ, सही हे सगळं आजोबांकडे. जूनमध्ये ती सही चांगली ठसठशीत होती. दिवाळीनंतर बघते तर पहिलं अक्षर बरं, पुढची अक्षरं मुंग्यांसारखी, शेवटचं तर दिसतच नव्हतं. मला वाटलं, सही मुलगीच करतेय. तिला विचारलं, जरा आवाज चढवूनच. ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आजोबांचं अक्षर आता असंच येतं."

पुढे पालकसभेला आजोबा स्वतः आले. दारापर्यंत व्यवस्थित चालत आले आणि उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले. चेहऱ्यावर काही भाव नाही, उजवा हात चालताना हलत नव्हता. मागून कुणीतरी कुजबुजलं, "घेऊन आलेत वाटतं." ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं, की हा लेख तेव्हाच लिहायचं ठरवलं. आजोबांना पार्किन्सन्सचा आजार आहे हे पुढे न्यूरॉलॉजिस्टने सांगितलं. अक्षर लहान होत जाणं हे त्याचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं. आपण शिक्षक रोज हस्ताक्षर बघतो, पण ते फक्त मुलांचं.

आता मुद्द्याकडे येऊ. बोट हलवायचं म्हटलं की मेंदू आज्ञा देतो आणि बोट हलतं, असं आपण मुलांना शिकवतो. चूक नाही, पण अर्धंच आहे. मेंदूला 'हे कर' याच्याइतकंच 'बाकीचं करू नको' हेही ठरवावं लागतं. हे काम मेंदूच्या खोल भागातल्या काही केंद्रांचं, ज्यांना बेसल गँग्लिया म्हणतात.

आपल्या सोसायटीचं गेट डोळ्यांसमोर आणा. गेट एरवी बंदच असतं आणि वॉचमन तिथे बसलेला असतो. बेसल गँग्लियाच्या बाहेरच्या टोकाच्या पेशी अशाच सतत 'थांब, थांब' असा संदेश पाठवत हालचालींचं दार बंद ठेवतात. कोणती हालचाल आत सोडायची, हे वॉचमनला सांगणारे दोन मार्ग आहेत. एक म्हणतो "याला सोड". दुसरा म्हणतो "बाकीच्यांना अजिबात सोडू नको". दोन्ही मार्ग स्ट्रायटम नावाच्या भागातून निघतात. पूर्वी हे दोघे आलटून पालटून काम करतात असं मानत. २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की हालचाल सुरू होताना दोन्ही एकदमच जागे होतात. एक हवी ती हालचाल सोडतो, दुसरा नको त्या अडवतो, असा त्याचा अर्थ लावतात.

डोपामिन इथे येतं. मेंदूच्या मधल्या भागात एक काळसर पट्टी असते, तिचं नावच सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे 'काळा पदार्थ'. तिथल्या पेशी लांब धागे पाठवून स्ट्रायटममध्ये डोपामिन सोडतात. गंमत अशी, की एकच रसायन दोन मार्गांवर उलट परिणाम करतं. 'सोड' म्हणणाऱ्या पेशींवर डी-१ जातीचे ग्राहक असतात, डोपामिनमुळे त्यांचा आवाज वाढतो. 'नको' म्हणणाऱ्यांवर डी-२ असतात, त्यांचा आवाज डोपामिनमुळे बसतो. म्हणजे डोपामिन भरपूर असलं की गेट सहज उघडतं. पार्किन्सन्समध्ये काळ्या पट्टीतल्या पेशी हळूहळू मरतात आणि ती पट्टीच फिकट होते. मग 'सोड' क्षीण होतं आणि 'नको' शिरजोर होतं. स्नायूंत ताकद असते, इच्छा असते, पण वॉचमन गेट उघडत नाही. म्हणून आजोबा उंबरठ्यावर थांबले होते. हाताच्या थरथरीचं कोडं मात्र या गेटच्या गोष्टीने पूर्ण सुटत नाही. शिवाय थरथर नसलेलेही अनेक रुग्ण असतात, हे लक्षात ठेवा.

याच्या उलटही होतं. हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात 'नको' म्हणणाऱ्या पेशी आधी जातात, आणि नको असलेल्या हालचाली नाच केल्यासारख्या आपोआप सुटत राहतात.

आता एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला फार आवडते, कारण तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळ्यांचा उपयोग होतो, हे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते जगभर वापरलं जाऊ लागलं, तेव्हा जास्त मात्रेत घेणारे काही रुग्ण मंद आणि ताठर झालेले दिसले, अगदी पार्किन्सन्ससारखे. असं का व्हावं?

स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं. थोड्याच वेळात ससे कान उभारून हिंडू लागले. तोवर डोपामिन म्हणजे दुसऱ्या रसायनाकडे जाताना लागणारी एक पायरी, एवढंच समजलं जाई. ते स्वतः संदेशवाहक आहे, हे या सशांनी दाखवलं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच यांनी दिवंगत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा स्ट्रायटममध्ये डोपामिन फारच कमी सापडलं. पुढच्याच वर्षी रुग्णांना एल-डोपा टोचून बघितलं गेलं. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

आणि एल-डोपा कशात असतं? खाजकुयलीच्या बियांत! घोडबंदर, काशीमीराच्या बाजूच्या रानात पावसाळ्यानंतर मुलांना घेऊन गेलात, तर हिच्या शेंगांपासून लांब राहा असंच आपण बजावतो. या बियांतून एल-डोपा वेगळं काढल्याचं मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. आयुर्वेदात कपिकच्छू या नावाने ही वनस्पती जुनीच आहे, आणि १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सवर तिचा उपयोग तपासलेला निबंधही आहे. पण म्हणून चूर्ण आणून घरच्या घरी सुरू करू नका. बियांत एल-डोपा नेमकं किती, हे दरवेळी सारखं नसतं, आणि गोळी चालू असताना वर चूर्ण म्हणजे दुप्पट मात्रा.

थेट डोपामिनचीच गोळी का देत नाहीत, हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी आहे, तिथून डोपामिन आत जात नाही. एल-डोपा हे अमिनो आम्ल असल्याने त्याला आत नेणारी वाहनं असतात. पण त्याच वाहनांत प्रथिनांतून आलेली अमिनो आम्लंही चढतात! आतड्यातही तीच रेटारेटी. म्हणून वरण, दूध, अंडं यांच्याबरोबर गोळी घेतली, तर काहींना ती 'लागत नाही'. बहुतेक डॉक्टर जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. आजोबांची दुपारची गोळी बरोबर वरणभाताच्या घासाबरोबर जायची. वेळ बदलल्यावर दुपारचं चालणं सुधारलं, असं त्यांच्या सूनबाई सांगत होत्या.

डोपामिन फक्त गेट उघडत नाही, रस्तेही घडवतं. मूल सायकल शिकताना तोल सावरतो तो क्षण आठवा. अपेक्षेपेक्षा चांगलं घडलं की डोपामिनची लाट येते आणि नुकत्याच वापरलेल्या जोडण्या पक्क्या होतात. अक्षर वळणदार होतं ते असंच, हजार वेळा गिरवून. डोपामिन गेलं की हेही उलटतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत 'नको' मार्गाच्या पेशींवरचे बारीक काटे, म्हणजे जिथे जोडण्या बसतात त्या जागा, झडलेल्या दिसल्या. गोळीचंही तसंच. नैसर्गिक डोपामिन झिरपत राहतं, गोळीचं मात्र भरती-ओहोटीसारखं येतं-जातं. काही वर्षांनी या हेलकाव्यांनीच काही जोडण्या फाजील पक्क्या होतात, आणि गोळीचा जोर असताना अंग आपोआप हलायला लागतं. तो मूळ आजाराचा कंप नव्हे.

एक गोष्ट घरोघरी कळायलाच हवी. आजोबांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?" पित्ताच्या गोळीत लेव्होसल्पिराइड होतं, कित्येक महिने. हे औषध डी-२ ग्राहक अडवतं. चक्करेसाठी देतात त्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिननेही वयस्कर माणसांत असाच ताठरपणा येऊ शकतो. आजोबांची ती गोळी डॉक्टरांनी बंद केली, काही महिने वाट बघितली, आणि लक्षणं राहिली तेव्हा निदान पक्कं केलं. काही लोक मात्र अशी गोळी बंद झाल्यावरच बरे होतात. मुलांच्या बाबतीत, उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने क्वचित मान अचानक वाकडी होते, डोळे वर जातात. घरचे घाबरून बाहेरची बाधा समजतात. तो डोपामिन अडवल्याचा परिणाम असतो आणि दवाखान्यात त्यावर उतारा आहे. तिथे औषधाचं नाव आठवून सांगा, म्हणजे झालं. मनाने मात्र कोणतीही गोळी एकदम बंद करू नका, विचारूनच.

मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. व्यायाम आणि गप्पांच्या निमित्ताने माणसं घराबाहेर पडतात, हे औषधाइतकंच महत्त्वाचं, असं माझं मत.

शेवटी उंबरठ्याबद्दल. आपोआप होणारी हालचाल अडकते, पण डोळ्यांना रेघ दिसली किंवा कानाला ठेका मिळाला, की मेंदू त्या बंद गेटला वळसा घालून दुसऱ्या वाटेने काम करू शकतो. आता नात शाळेच्या दारात पी.टी.च्या आवाजात "एक दोन, एक दोन" म्हणते आणि आजोबा फरशीच्या रेघा ओलांडत येतात. हे कळल्यावर मी त्यांना पहिलीच्या मुलांची दुरेघी वही दिली. दोन रेघांमध्ये लिहिलं की अक्षर पुन्हा मोठं येतं. नातीने डायरीच्या पानांवरही पट्टीने दोन-दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. मंगळवारी ती मारायला विसरली होती, सही लगेच ओळखू आली.