काउंटर सोडल्यावरही तक्रार करता येते

धान विकून झालं की साकोलीच्या बाजारात रोकड खेळू लागते. चुकारे खात्यात जमा होतात आणि बँकेपुढे रांग लागते. तिथून निघालेला पैसा किराणा, कापड, खतं-औषधं, मेडिकल अशा दुकानांच्या गल्ल्यांत फिरतो. या दिवसांत परत आलेले पैसे कमी निघाल्याच्या तक्रारीही वाढतात. बहुतेक तक्रारी मात्र काउंटरपर्यंत पोचतच नाहीत, कारण काचेवर पाटी लावलेली असते: ‘काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत. नंतरची तक्रार ऐकली जाणार नाही.’ ती वाचून माणूस मुकाट्यानं घरी जातो.

ती पाटी म्हणजे कायदा, हाच या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं कलम ७२ अगदी सरळ आहे: चुकून जास्त पैसे ज्याच्या हाती आले, त्यानं ते परत केले पाहिजेत. त्यात काउंटरची अट नाही, उंबरठ्याची नाही, दुसऱ्या दिवसाचीही नाही. पाचशेची नोट घेऊन दोनशेचा हिशेब झाला असेल, तर वरचे तीनशे तुमचेच आहेत. दुकानाच्या पायरीवर ते तुमचे आहेत आणि घरी पोचल्यावरही तुमचेच राहतात.

मग त्या पाटीत काहीच तथ्य नाही का? आहे, पण ते पुराव्यापुरतं. काउंटरसमोर उभे असता तोवर परत आलेले पैसे तुमच्या हातात असतात, दिलेली नोट गल्ल्यात वरच असते आणि कॅशियरला व्यवहार आठवत असतो. तुम्ही चौकात जाऊन चहा प्यायलात, भाजी घेतली आणि मग परतलात, तर कमी पडलेले पैसे गल्ल्यातच कमी मिळाले की वाटेत खर्च झाले, हे कसं ठरवायचं? म्हणून पैसे तिथंच मोजावेत, हे खरं. पण तिथं मोजले नाहीत म्हणून हक्क गेला, हे खोटं.

दुसरा गैरसमज असा की या वादात ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. एका बाजूनं “मी पाचशेची नोट देलो ना जी”, दुसऱ्या बाजूनं “नाही जी, दोनशेचीच होती”, आणि मागं रांगेतले लोक वैतागलेले. असल्या ओरडाआरडीतून काहीच निष्पन्न होत नाही, निकाल लागतो तो वजाबाकीनं. दुकानात दिवसाच्या सुरुवातीला गल्ल्यात किती रक्कम होती हे मालकाला माहीत असतं, आणि रोखीची विक्री बिलबुकात किंवा मशिनवर नोंदलेली असते. समजा सकाळी गल्ल्यात २,००० रुपये होते. दुपारपर्यंत रोखीची विक्री ६,३४० झाली आणि माल आणणाऱ्याला ८५० दिले. मग गल्ल्यात ७,४९० हवेत. मोजल्यावर ७,७९० भरले, तर ते ३०० कुणाचे हे वेगळं सांगायला नको. बरोबर ७,४९० भरले, तर तुम्ही दोनशेचीच नोट दिली असण्याची शक्यता मोठी, आणि तेही मोकळ्या मनानं मान्य करायला हवं. म्हणून आवाज न चढवता एवढंच म्हणावं: “भाऊ, गल्ला मिळवून पाहा, मी थांबतो.” गर्दीत लगेच जमत नसेल तर नाव, नंबर, वेळ आणि रक्कम लिहून द्यावी आणि रात्री हिशेब मिळवला की कळवायला सांगावं. प्रामाणिक दुकानदार याला नाही म्हणत नाही. जो गल्ला मोजायलाच तयार होत नाही, त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोटांची गल्लत प्रत्येक वेळी लबाडीतून होत नाही, हेही समजून घ्यायला हवं. दोनशेची नोट पिवळी आहे आणि वीसची नवी नोट हिरवट पिवळी. संध्याकाळी मिणमिणत्या दिव्याखाली, घडी घातलेल्या अवस्थेत, त्या दोन्ही सारख्याच भासतात. दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब आणि पाचशेची १५०, म्हणजे फरक अवघ्या चार मिलिमीटरचा. तो हाताला जाणवत नाही. बोटांना कळतील अशा खुणा मात्र नोटेवर आहेत. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर उठावाचं वर्तुळ असतं. शिवाय कडेला उठावाच्या तिरप्या रेघा असतात, शंभरावर चार आणि पाचशेवर पाच. नजर कमी झालेल्या आजी-आजोबांना या खुणा एकदा बोट धरून दाखवाव्यात. नोट जुनी होऊन उठाव झिजला असेल तर घडी उलगडून, “हे पाचशे” असं मोठ्यानं म्हणून हातात द्यावी. जाणते दुकानदारही परतीचे पैसे देईपर्यंत गिऱ्हाइकाची नोट गल्ल्यात टाकत नाहीत, वर समोरच ठेवतात. ही सवय दोघांचंही रक्षण करते.

बँकेत तर हा हिशेब रोजच होतो. कॅशियरला दिवसअखेर रोकड पै-पैशानं मिळवावी लागते, त्याशिवाय त्याचा दिवस संपत नाही. तुम्हाला पाचशे कमी गेले असतील तर संध्याकाळी त्याच्याकडे पाचशे जास्त भरतात, आणि त्या जास्तीच्या रकमेची नोंद होते. म्हणून घरी पोचल्यावर फरक लक्षात आला तरी त्याच दिवशी शाखेत फोन करा. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्या, त्यात वेळ, काउंटर आणि रक्कम लिहा, त्या दिवसाची रोकड मिळवणी आणि कॅमेऱ्याचं चित्रण तपासण्याची मागणी करा आणि पोच घ्या. चित्रण कायमचं जपून ठेवलं जात नाही, म्हणून उशीर नको. बंडलावर पट्टी आहे म्हणजे शंभर नोटा असणारच, हेही गृहीत धरू नये. ग्राहकाला दिसेल असा आकडा दाखवणारं मोजणीयंत्र काउंटरवर ठेवावं, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. त्यावर बंडल मोजून मागायला संकोच कसला? अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही.

आता ज्या जागी सर्वांत गरीब माणसाचे पैसे कमी होतात, तिथं येऊ. ती जागा म्हणजे अंगठ्याचं मशीन. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात निराधार योजनेचे, लाडक्या बहिणीचे, रोजगार हमीचे पैसे अंगठा लावून काढले जातात. दीड हजार काढले की हातात चौदाशे ऐंशी पडतात. “वीस रुपये मशीनचे लागतात, मावशी,” असं सांगितलं जातं, आणि हे सरकारी शुल्कच आहे असा समज गावोगाव पक्का बसला आहे. वस्तुस्थिती अशी की बँकेच्या वतीनं काम करणाऱ्या या प्रतिनिधीनं ग्राहकाकडून परस्पर शुल्क घेऊ नये, असं बँकेनं त्याच्याशी केलेल्या करारात नमूद असलंच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याला त्याचं कमिशन बँकेकडून मिळतं. बँकेचं काही शुल्क असलंच तर ते बँक उघडपणे जाहीर करते आणि पासबुकात दिसतं. कुणी ते हातातल्या नोटांतून कापून घेत नाही. कमिशन तुटपुंजं आहे ही केंद्रचालकांची तक्रार खरी असेल, पण त्याची भरपाई निराधार बाईच्या वीस रुपयांतून व्हावी, हे मला कधीच पटणार नाही.

याच मशीनवर दुसरी अडचण येते. “आलं नाही, पुन्हा अंगठा लावा.” पहिला व्यवहार खरंच अयशस्वी झाला का, हे दुसरा अंगठा लावण्याआधी पावतीवर पाहिलं पाहिजे. पावती मागितली तर ती द्यायलाच हवी, आणि वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सोबत न्यावं. खात्यातून रक्कम कापली गेली आणि हातात आली नाही, तर ती पाच दिवसांच्या आत खात्यात परत यायला हवी. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. तो अंगठ्याच्या व्यवहाराला लागू आहे आणि एटीएमलाही. “मशीनचा घोटाळा आहे, कुणाचा इलाज नाही,” हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण उरत नाही.

एसटीतलं भांडण वेगळ्या जातीचं. २०१८ साली भाडं पाच रुपयांच्या पटीत आणलं गेलं तेव्हा चिल्लरचे वाद बरेच निवळले होते. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, भाडं एकेका रुपयाच्या हिशेबात आलं, आणि मार्च २०२३ पासून महिलांना मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटाचे विषम आकडे त्यात मिसळले. साकोली आगारातून गाडी निघते तेव्हा वाहकाच्या पिशवीत एक-दोनची नाणी किती असणार? वाहक तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो ती याच कारणानं. उतरलं की ते पैसे बुडाले, असं लोक धरून चालतात. तिकिटावर तारीख, वेळ, टप्पे आणि भाडं छापलेलं असतं. मागं लिहिलेली बाकी वाहकाच्या हातची असते. एवढा कागद आगार व्यवस्थापकाकडे दाद मागायला पुरेसा आहे. तिकीट फेकून मात्र देऊ नये. यूपीआयनं पैसे दिले तर हा प्रश्नच उरत नाही, पण प्रत्येकाच्या हातात तसा फोन असतो असं नाही.

चिल्लर नाही म्हणून चॉकलेट हातावर ठेवणं, यालाही लोक रीतच समजू लागले आहेत. चॉकलेट चलन नाही, ते घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. ते नको असेल तर तसं सांगावं. सुटे पैसे नसतील तर विक्री करण्याआधीच दुकानदारानं बोलावं. एकदा नोट घेतली की बाकीची रक्कम तो देणं लागतो. गंमत म्हणजे तोच दुकानदार कधी कधी दहाचं नाणं मात्र घेत नाही. विदर्भात हा हट्ट फार. दहाच्या नाण्याचे १४ नमुने चलनात आहेत, रुपयाचं चिन्ह असलेले आणि नसलेले, आणि ते सगळे खरे आहेत, हे रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं. नाणे कायदा २०११ प्रमाणे रुपयापासून वरची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतात. पन्नास पैशांचं नाणंही रद्द झालेलं नाही, दहा रुपयांपर्यंत ते देता येतं. दहाचं नाणं नाकारलं तर राजद्रोहाचा गुन्हा, ही मात्र अफवा आहे. ती सांगून कुणाला धमकावू नये.

“दहा-वीस रुपयांसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार?” हा प्रश्न हार मानण्यासाठीच विचारला जातो. मथुरेचे वकील तुंगनाथ चतुर्वेदी चढले. डिसेंबर १९९९ मध्ये त्यांनी मुरादाबादची पस्तीस-पस्तीसची दोन तिकिटं काढली, शंभराची नोट दिली, आणि खिडकीवर सत्तरऐवजी नव्वद कापले गेले. तिथंच मागूनही वीस रुपये मिळाले नाहीत. शंभराहून जास्त तारखा झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्राहक न्यायालयानं रेल्वेला ते वीस रुपये १२ टक्के व्याजासह आणि वर १५,००० रुपये द्यायला लावले. प्रत्येकानं बावीस वर्षं झुंजावं असं मी म्हणत नाही. त्या निकालानंतर रक्कम लहान आहे म्हणून तक्रार लहान, असं कुणाला म्हणता येणार नाही, एवढं पुरे. आता तर वाटही सोपी आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. तेवढ्यानं भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात, तक्रार दाखल होते. व्यवहार दुसरीकडे झाला असला तरी चालतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि मुदत दोन वर्षांची. बिल द्यायला नकार देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, म्हणून बिल मागावं.

शेवटी कॅशियरबद्दल. पैसे कमी दिले म्हणजे त्यानं फसवलंच, असं समजून तिथल्या तिथं “चोर” म्हणणं अन्यायाचं आहे. फसवणुकीच्या गुन्ह्यात मुळात फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो, मोजण्यातली चूक म्हणजे गुन्हा नव्हे. एकाच काउंटरवर पुन्हा पुन्हा, आणि तेही म्हाताऱ्या किंवा निरक्षर माणसांनाच कमी पैसे मिळत असतील, तर मात्र गोष्ट निराळी. मग चार-पाच जणांनी मिळून तारखांसकट लेखी द्यावं. आणि कलम ७२ दोन्हीकडून लागतं. तुमच्या हातात तीनशे जास्त आले, तर ते ‘नशिबाचे’ ठरत नाहीत. संध्याकाळी रोकड मिळवताना तेवढी तूट बहुतेक वेळा त्या कॅशियरच्या खिशातून भरली जाते, म्हणून ते त्याच दिवशी, हिशेब बंद होण्याआधी, नेऊन द्यावेत.