ताण सोसणारी पाठ, दाब झेलणारे पोट

धनुष्य ओढले की त्याची लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते; धनुर्धराकडचे पोट दाबले जाते. या दोन्ही बळांना पुरे पडणारे धनुष्यच टिकते. जगभरच्या कारागिरांपुढे हाच प्रश्न होता. उत्तर मात्र प्रत्येकाने आपल्या मुलखातून शोधले.

इंग्लंडमध्ये ते एका झाडातच मिळाले. यू वृक्षाचे सालीजवळचे फिकट लाकूड ताण सोसते, आतला तांबूस गाभा दाब. दोन्ही थर राखून एकसंध लाकूड तासले की लांब धनुष्य तयार. १५४५ मध्ये बुडालेली ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९८२ मध्ये वर काढली गेली. तिच्या अवशेषांत शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. बहुतेक सहा फुटांहून लांब. अशा लाकडाची मागणी एवढी होती, की १४७२ च्या कायद्याने आयात मालाबरोबर ते आणणे व्यापाऱ्यांना बंधनकारक केले.

मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात लढाई घोड्यावरची. तिथे आखूड पण जोरकस धनुष्य हवे होते. कारागिरांनी लाकडी गाभ्याला पोटाकडून शिंग आणि पाठीकडून जनावराच्या स्नायूंचे धागे सरसाने चिकटवले. शिंग दाब झेलते, स्नायू ताण. हीच विद्या उस्मानी तुर्कांनी कळसाला नेली. त्यांचे धनुष्य दोरी उतरवताच उलट्या दिशेला वळते. एकेका थराचा सरस सुकायलाच महिनोन्‌महिने लागत. १७९५ मध्ये लंडनमधल्या तुर्की वकिलातीच्या सचिवाने अशा धनुष्याने ४०० मीटरच्या पुढे बाण टाकला, तेव्हा इंग्रज तिरंदाज थक्क झाले.

दमट हवा मात्र सरसाची वैरी. भारतात शिंगाच्या धनुष्यांबरोबर पोलादीही घडली. मारा कमी, पण ओलाव्याची तितकी भीती नाही. जपानने लाकूड आणि बांबूचे थर जोडून दोन मीटरहून लांब धनुष्य केले, आणि मूठ मधोमध न ठेवता खाली आणली.

बंदुकांनी धनुष्याला रणांगणावरून हटवले, पण ही विद्या संपली नाही. तुर्की तिरंदाजीला २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. हा मान मोलाचा आहे, पण पुरेसा नाही. शिंग किती घासायचे, दोन्ही भुजा सारख्या वाकतात का, हे कारागीर हाताने आणि नजरेने ठरवतो. ते ज्ञान संग्रहालयाच्या कपाटात राहत नाही. म्हणून जुनी धनुष्ये जपण्याइतकेच नवी घडवणारे हात तयार करणे गरजेचे आहे.